लिंडच्या नावाची हिमनदी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीची बातमी वाचून तू विचारलंस, हे थ्वेट्स म्हणजे तिकडे गेलेले कुणी दर्यावर्दी का? नाही रे. फ्रेडरिक थ्वेट्स हे विस्कॉन्सिन विद्यापीठातले हिमनद्यांचे अभ्यासक. त्यांच्या विद्येचा मान म्हणून अमेरिकेने ते नाव दिलं.

आधी असं नव्हतं. १९०८ साली ब्रिटिश शोधप्रवासी शॅकल्टनला दक्षिण ध्रुवाकडची वाट ज्या हिमनदीवरून सापडली, तिला त्याने बिअर्डमोर या उद्योगपतीचं नाव दिलं, कारण मोहिमेला पैसा त्याने पुरवला होता. उपकाराची जाण ठेवली हे चांगलंच, पण मला भावते ती अंटार्क्टिक द्वीपकल्पावरची पद्धत. १९५५ ते ५७ मध्ये त्या भागाची विमानातून छायाचित्रं घेतली गेली, नकाशे तयार होऊ लागले आणि शेकडो बिननावाच्या हिमनद्या समोर आल्या. ब्रिटनच्या स्थलनाम समितीने मग एकेका विद्येचे आद्य संशोधक निवडले. छायाचित्रणातले निएप्स, डागेर, टॅलबट. उड्डाणातले केली, लिलिएंथाल, ब्लेरिओ. ज्यांच्यामुळे तो नकाशा शक्य झाला, तेच नकाशावर आले!

यातलं माझं सगळ्यात आवडतं नाव जेम्स लिंड. १७४७ साली सॅलिसबरी जहाजावर या डॉक्टरने स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झालेले बारा खलाशी घेतले, त्यांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला: कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. फळं आठवडाभरही पुरली नाहीत, तरी त्या दोघांपैकी एक जण सहाव्या दिवशी कामाला उभा राहिला. एवढं समोर असूनही स्कॉटच्या १९०१ च्या अंटार्क्टिक मोहिमेत माणसं स्कर्व्हीने आजारी पडलीच. म्हणून त्या बर्फावर लिंडचं नाव वाचताना मला फार समाधान वाटतं. 'व्हिटॅमिन' हा शब्द देणाऱ्या फुंकच्या नावाचीही हिमनदी त्याच किनाऱ्यावर आहे.

आणि शास्त्रज्ञ मॅक्स पेरुट्झ! नोबेल मिळालं ते हिमोग्लोबिनच्या रचनेसाठी, पण द्वीपकल्पावर त्यांचं नाव आहे ते बर्फासाठी. आल्प्समधल्या हिमनदीत उभं भोक पाडून त्यांनी आत पोलादी नळी सोडली. पुढे ती नळी वाकत गेली, आणि वरचा बर्फ तळाच्या बर्फापेक्षा वेगाने सरकतो हे सिद्ध झालं. अशा माणसाचं नाव सरकत्या बर्फालाच शोभतं.

२०२१ मध्ये अंटार्क्टिकातल्या गेट्झ हिमतटाजवळच्या (हिमतट म्हणजे किनाऱ्याला लागून समुद्रावर तरंगणारा जाड बर्फ) नऊ हिमनद्यांना जिनिव्हा, रिओ, क्योटो, पॅरिस, ग्लासगो अशी हवामान परिषदांच्या शहरांची नावं दिली. हेतू मोलाचा आहे, पण माझं मन माणसांच्या नावांतच जास्त रमतं.

सवड झाली की द्वीपकल्पाचा मोठा नकाशा उघड आणि आधी ब्रॅबंट बेट शोध. तिथे सगळा वैद्यकाचा गोतावळा आहे: हिप्पोक्रेटिस, जेनर, लिस्टर, कॉख. कोण कोण सापडलं ते सविस्तर कळव.

तुझा,
अनिरुद्ध