गॅरेजमधला पेट्रोलचा डबा

सॅक्रामेंटो,
9 नोव्हेंबर

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "विजेची गाडी घेऊन वर्ष होत आलं. खरं सांग, त्रास होतो का?" तेवढ्यात चिनू झोपेतून उठला आणि बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे.

आधी आईचं. गेल्या वेळी तू इथे होतीस तेव्हा शनिवारी सकाळी पानं उडवायची मशीनं सुरू झाली की तू चहाचा कप घेऊन आत यायचीस. खिडक्या लावून घेतल्या तरी दुपारी तुला श्वासाचा पंप घ्यावा लागायचा. मला फार वाईट वाटायचं, कारण आपल्याही गॅरेजमध्ये तसलंच मशीन होतं. ते आणि गवत कापायचं जुनं मशीन, दोन्ही आम्ही मार्चमध्ये भंगारात दिली. विकली असती तर चार पैसे आले असते, पण मग तोच धूर नुसता दुसऱ्या गल्लीत गेला असता. कोपऱ्यातला पेट्रोलचा लाल डबाही गेला. आता गॅरेजचं दार उघडलं की वास येत नाही.

बाबा, हे तुम्हाला पटकन कळेल. पानांचं ते मशीन टू-स्ट्रोक असतं, आपल्या जुन्या चेतकसारखं. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल घालून घ्यायचो, आठवतं ना? ते ऑइल पेट्रोलबरोबर जळतं आणि बरंचसं इंधन न जळताच बाहेर पडतं. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने हिशोब मांडलाय की माळीकाम करणारे वापरतात तसं मशीन एक तास चालवलं तर धुरकं करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं व्हायला साधी मोटार 1,100 मैल चालवावी लागेल. म्हणजे साताऱ्याहून निघून दिल्लीच्याही पुढे. एवढुशा इंजिनातून! म्हणून 2021 मध्ये इथे कायदा झाला आणि 2024 पासून बनवलेली बागेची पेट्रोलवरची बहुतेक नवी मशीनं विकायला बंदी आली. जुनी वापरायला मुभा आहे, त्यामुळे शेजारी अजून आवाज असतो. तरी गल्लीत आता चार घरी बॅटरीवरची आली आहेत.

नव्या मशीनला ओढायची दोरी नाही. गेल्या वेळी तीच ओढताना तुमचा खांदा धरला होता आणि पुढे पंधरा दिवस शेक द्यावा लागला. आता बॅटरी खटकन बसवायची, बटण दाबून दांडा धरला की पातं फिरायला लागतं. दांडा सोडला की बंद. आवाज मिक्सरपेक्षा फार जास्त नाही. परवा मी गवत कापत होते आणि चिनू पायरीवर बसून मला गोष्ट सांगत होता, ती मला सगळी ऐकू आली. मधेच थांबून "मग?" असंही विचारता आलं.

कमी काय, तेही सांगते. बॅटरी चाळीसेक मिनिटं टिकते, पण गवत ओलं किंवा फार वाढलेलं असेल तर मागच्या अंगणात पोचेपर्यंत संपते. आणि जुलैत इथलं गॅरेज भट्टीसारखं तापतं. तिथे ठेवली तर बॅटरी लवकर खराब होते, म्हणून ती घरात, चपलांच्या कपाटावर असते.

गाडीचं म्हणाल, तर पहिले तीन आठवडे जड गेले. इथल्या साध्या 120 व्होल्टच्या प्लगवर रात्रभर लावली तरी सकाळी जेमतेम चाळीस मैलांचीच भर पडायची. मग वायरमन बोलावून 240 व्होल्टचा पॉइंट घेतला आणि प्रश्न मिटला. संध्याकाळी 5 ते 8 वीज महाग असते, म्हणून मध्यरात्रीनंतर चार्जिंग आपोआप सुरू होईल असं लावून ठेवलंय. पंपावर शेवटचं कधी गेले ते आठवत नाही. खरा त्रास एकदाच झाला. ताहो सरोवराच्या वाटेवर एका ठिकाणचे दोन्ही चार्जर बंद होते, चिनू भुकेला होता, बाहेर थंडी, आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते. तेव्हापासून लांब जाताना पुढचा एक पर्याय आधीच बघून निघते.

पण त्याच प्रवासात येताना तुमची फार आठवण आली, बाबा. यवतेश्वरचा घाट उतरताना तुम्ही कधी गाडी न्यूट्रल करू दिली नाहीत. "गिअरमध्येच ठेव, इंजिन धरून ठेवतं," म्हणायचात. ही गाडीही तशीच धरते. पाय उचलला की मोटर उलट काम करते, वेग कमी होतो आणि त्यातून तयार झालेली वीज बॅटरीत जाते. डॉनर पासच्या घाटमाथ्यावरून, साधारण 7,200 फुटांवरून, खाली निघालो तेव्हा बॅटरी 62 टक्के होती आणि पायथ्याकडच्या ऑबर्न गावी पोचलो तेव्हा 53. सपाटीवर तेवढ्या अंतराला दुप्पट तरी लागली असती. खड्या उतारावर आकडा एकाने वर चढला की चिनू टाळ्या वाजवायचा. ब्रेकला मी फार तर चार वेळा पाय लावला असेल.

आता माझी विनंती. तुमच्या स्कूटरला अजून किक मारावी लागते आणि तुमचा गुडघा कसा दुखतो ते आई मला सांगते, तुम्ही सांगत नाही. चेतक 2020 पासून विजेवरची मिळते आहे. तुम्ही दिवसाला मंडई, बँक आणि फार तर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाता. रात्री प्लगला लावली की तेवढ्याला सहज पुरते. मात्र पॉइंट आपल्याच मीटरवरून घ्यायचा आणि अर्थिंग नीट तपासून घ्यायचं. जिन्यातून वायर लोंबकळत आणायची नाही.

सोसायटीची मीटिंग 23 तारखेला आहे असं आई म्हणाली. त्याआधी मीटरच्या बोर्डापासून आपल्या पार्किंगपर्यंत किती फूट होतात ते टेपने मोजून मला कळवाल का? वायर किती लागेल ते मी इथून काढून देते.

तुमची,
मुग्धा