कोड सर्किटचा, बदलला मात्र सेन्सर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला की गॅरेजात स्कॅनर लावायचा, पडद्यावर ज्या सेन्सरचे नाव येईल तो बदलायचा आणि बिल फाडायचे, ही पद्धत आता इतकी रुळली आहे की तिच्यात काही चुकते आहे असे ना ग्राहकाला वाटते, ना मिस्त्रीला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या वर्गाचा शिल्पनिदेशक म्हणून मी उभी नोकरी केली. हा प्रकार या पावसाळ्यात माझ्याच घरी घडला, म्हणून आपल्या पत्रस्तंभातून चार गोष्टी मांडत आहे.

माझ्या पुतण्याकडे २०१४ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे आणि कामानिमित्त तो दर पंधरवड्याला रत्नागिरीहून कोल्हापूरला जातो. जूनच्या अखेरीस आंबा घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की गाडी झटके मारू लागली, मध्येच पिकअप जाई, दिवा लागे, आणि साखरप्याच्या बाजूला सपाटीवर उतरल्यानंतर दोन-दोन दिवस काहीही होत नसे. गॅरेजात नेल्यावर पी०१२२ हा कोड आला आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सर, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा पडदा (थ्रॉटल) किती उघडला आहे ते सांगणारा भाग, बदलला गेला. चार दिवस गाडी उत्तम चालली. पाचव्या दिवशी तेच. मग ‘सेन्सर बसतो ती थ्रॉटल बॉडीच झिजली आहे’ असे सांगून ती अख्खी नवी बसवली, आणि तरीही पुढच्या घाटात गाडी अडखळल्यावर ‘आता ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) गेला असणार’ असा निकाल देण्यात आला. तोवर साडेतेरा हजार रुपये खर्च झाले होते. गॅरेजचे नाव मी देत नाही, कारण हीच हकीकत मला निरनिराळ्या गावांतून, निरनिराळ्या गाड्यांबाबत ऐकायला मिळाली आहे.

पी०१२२ या कोडचा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाही. हे कोड अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेच्या प्रमाणकानुसार ठरलेले आहेत आणि त्यात शब्द आहे तो सर्किट. थ्रॉटलच्या सेन्सरच्या सर्किटमधून इंजिनच्या कंप्युटरपर्यंत येणारा व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढेच तो कोड सांगतो. पी०१२३ आला तर तोच व्होल्टेज जास्त आहे, पी०१२१ आला तर तो मर्यादेत असूनही इंजिनाच्या एकंदर वागण्याशी जुळत नाही, आणि पी०१२४ आला तर तो अधूनमधून तुटतो आहे. सर्किट म्हटले की त्यात सेन्सर आला, त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) आला, कपलरातल्या पिना आल्या, बॅटरीजवळून वळसा घेत जाणारी वायर आली, अर्थची, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणारी वायर आली आणि पलीकडचा ईसीएमही आला. यांपैकी नक्की कोण दोषी आहे हे स्कॅनरला कळत नाही. ते शोधणे हेच तर मिस्त्रीचे काम.

हा सेन्सर म्हणजे फार गूढ वस्तू आहे असेही नाही. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याचा जो कान असे, त्याच जातीचा हा भाग आहे. त्याला तीन वायरी असतात. एकीतून ईसीएम त्याला ५ व्होल्ट पुरवतो, दुसरी अर्थ असते, आणि तिसरीतून सेन्सर आपले उत्तर परत पाठवतो. पायाने रेस दाबली की केबलने थ्रॉटलचा पडदा फिरतो, त्याच्या दांड्यावर बसलेला सेन्सरचा काटा आतल्या पट्टीवरून सरकतो आणि तिसऱ्या वायरीवरचा व्होल्टेज वाढत जातो. पाय उचललेला असताना तो साधारण अर्धा ते एक व्होल्ट आणि रेस पूर्ण दाबल्यावर चार ते साडेचार व्होल्ट असतो. मधल्या प्रवासात तो न अडखळता चढला पाहिजे. पट्टी झिजते ती बहुधा सुरुवातीच्या भागात, कारण रोजच्या चालवण्यात काटा तिथेच घासत राहतो. आणि रेडिओचा कान जसा एका जागी खरखरतो, तसा तिथे व्होल्टेज क्षणभर गळतो. डिजिटल मीटरचे आकडे इतक्या झटपट बदलत नाहीत, त्यामुळे ही गळती त्यावर निसटू शकते. जुना सुईचा मीटर ती लगेच दाखवतो. माझ्या विद्यार्थ्यांना सुईचा मीटर अडगळीत टाकू नका असे मी सांगत असे, तेव्हा ते हसत.

पुतण्याची गाडी मी अंगणात उभी केली. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली आणि कपलर न काढता त्याच्या मागच्या बाजूने, वायरीच्या रबरी सीलजवळून, बारीक टाचण्या सरकवून मीटर लावला. वायरीचे आवरण टोचून मीटर लावण्याची सवय अनेकांना असते, पण कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत त्या एका भोकातून तांबे हिरवे पडायला वेळ लागत नाही. पुरवठ्याच्या वायरीवर ४.९८ व्होल्ट मिळाले. अर्थची वायर आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात ०.०२ व्होल्ट, म्हणजे अर्थ उत्तम. हा आकडा ०.१ च्या वर गेला असता तर मी अर्थच्या मागे लागलो असतो. उत्तराच्या वायरीवर पाय उचललेला असताना ०.६२ आणि रेस पूर्ण दाबल्यावर ४.२. सुईसुद्धा एका चालीने चढली. इथवर सगळे निर्दोष होते, आणि नेमक्या याच टप्प्यावर पुष्कळ जण ‘सेन्सर ठीक आहे, म्हणजे ईसीएम गेला’ असे म्हणून मोकळे होतात.

परंतु सेन्सरच्या तोंडाशी मोजलेला व्होल्टेज ईसीएमपर्यंत पोहोचतो आहे की नाही, हे या मोजणीवरून ठरत नाही. म्हणून मी पुतण्याला मोबाइलला जोडलेला ब्लूटूथचा छोटा स्कॅनर देऊन आत बसवले. ईसीएमला थ्रॉटल किती उघडा दिसतो आहे ते त्यावर टक्क्यांत दिसते. पाय उचललेला असताना १२ टक्के दिसत होते, आणि ते बरोबरच होते, कारण ५ व्होल्टांतले ०.६ म्हणजे १२ टक्केच. मग कपलरापासून सुरुवात करून वायरिंगचा जुडगा मी वीत-वीतभर हलवत आणि हलकेच ताणत गेलो. बॅटरीच्या ट्रेखालच्या पत्र्याच्या काठाशी हात गेला आणि आतून आवाज आला, “काका, शून्य!” मीटर मात्र ०.६२ च दाखवत होता. सेन्सर आपले उत्तर पाठवत होता आणि ते वाटेत हरवत होते. हात काढला की पुन्हा १२.

टेप सोडली तेव्हा पत्र्याच्या काठावर घासून त्या एका वायरीचे आवरण फाटलेले दिसले. आतले तांबे हिरवे पडले होते आणि दोन-तीन तारांवर ती वायर कशीबशी टिकून होती. कधीतरी बॅटरी बदलताना वायरिंगची प्लास्टिकची क्लिप तुटली असणार आणि ती पुन्हा कोणी लावली नव्हती. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये जोर लागला की इंजिन आपल्या माउंटिंगवर कलते आणि वायरिंग ताणले जाते, त्यामुळे दोष फक्त चढावर दिसे. गॅरेजच्या सपाट फरशीवर उभ्या गाडीत तो दिसणे शक्यच नव्हते. सेन्सर बदलल्यावर गाडी चार दिवस चालली त्याचे कारणही हेच, की सेन्सर बदलताना वायरिंग हलले आणि तुटकी टोके तात्पुरती टेकली. वायरीचा नवा तुकडा, सोल्डरचे दोन डाग, वरून स्लीव्ह आणि एक क्लिप असा सगळा खर्च ७० रुपयांच्या आत झाला. त्यानंतर आंबा घाट सहा वेळा झाला आहे.

दोष उलट बाजूचा असता, म्हणजे पी०१२३ आला असता, तर तपासण्याची रीत थोडी बदलली असती. सेन्सरची अर्थ तुटली की उत्तराच्या वायरीवरचा व्होल्टेज पुरवठ्याइतका वर जातो आणि सेन्सर चांगला असूनही बदनाम होतो. कपलर काढून पाहिल्यावर कोड पी०१२३ वरून पी०१२२ वर आला, तर बहुतेक गाड्यांत उत्तराची वायर आणि ईसीएम यांच्यावरचा संशय फिटतो आणि उरतात ते सेन्सर आणि अर्थ. ५ व्होल्टांचा पुरवठाच खाली बसलेला आढळला, तर आणखी एक शक्यता असते. हा पुरवठा अनेक गाड्यांत इतर सेन्सरांनाही वाटून दिलेला असतो, तेव्हा भलत्याच सेन्सरमधला शॉर्ट थ्रॉटलच्या नावाने कोड आणू शकतो. एकेक कपलर काढत जावे आणि कोणता काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात ते पाहावे. ज्या गाड्यांत रेसची केबलच नाही आणि थ्रॉटल मोटरने उघडतो, तिथे सेन्सरचे दोन माग असतात, म्हणजे तो दोन स्वतंत्र उत्तरे पाठवतो. तिथे चावी चालू असताना पडद्यात बोट घालू नये, कारण मोटर विचारून फिरत नाही.

हे लिहिण्याचे आणखी एक निमित्त दुचाकींचे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ चे प्रदूषणविषयक निकष लागू झाले आणि कार्बोरेटरची जागा ईसीएमने चालणाऱ्या इंधन इंजेक्शनने घेतली. गावोगावच्या ज्या मिस्त्रींनी आयुष्यभर कार्बोरेटर उत्तम जुळवले, त्यांच्यापुढे आता रोज थ्रॉटल बॉडी आणि हेच तीन वायरींचे सेन्सर येत आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण कोणत्या रंगाची वायर कुठे जाते याचा नकाशा त्यांना कंपनीकडून सहजासहजी मिळत नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या धूसर फोटोंवर त्यांचे काम चालते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. प्रत्येक मॉडेलच्या वायरिंगचा नकाशा आणि सेन्सरांचे अपेक्षित व्होल्टेज तिथे सर्वांना खुले व्हावेत, अशी माझी मागणी आहे. वाहनमालकांना विनंती एवढीच, की सेन्सर बदलण्यास होकार देण्यापूर्वी पुरवठा, अर्थ आणि उत्तर या तिन्ही वायरींचे मोजलेले आकडे जॉब कार्डवर लिहून मागावेत, आणि काढलेला भागही परत मागून घ्यावा.

पुतण्याने तो मागून घेतला होता. मी मोबाइलच्या जुन्या चार्जरची वायर कापून त्या ‘खराब’ सेन्सरला ५ व्होल्ट दिले आणि त्याचा काटा हाताने फिरवून पाहिला. मीटरची सुई ०.६ पासून ४.२ पर्यंत कुठेही न थबकता गेली.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, रत्नागिरी