कोडिंगचा वेगळा विषय नको, गणिताच्या तासाला संगणक द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे, म्हणजे संगणकाला सूचना लिहून देण्याचे (प्रोग्रॅमिंगचे) उपक्रम सुचवले आहेत. ही सूचना गणित आणि संगणकीय विचार यांच्याबद्दलच्या मजकुरात आली आहे, आणि ती तिथेच शोभते. प्रत्यक्षात मात्र कोडिंगचा विषय निघाला की वेगळा तास, वेगळे पुस्तक आणि कुठल्या तरी कंपनीचे पॅकेज यांचीच चर्चा होते. मी माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझी मागणी एकच आहे. प्रोग्रॅमिंग गणिताच्या पुस्तकात आणा आणि त्याची साधने गणिताच्या शिक्षकांच्या हाती द्या.

बहुभुजाच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश असते, हे मुले पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसोबत ‘टर्टल’ (कासव) नावाचे साधन फुकट मिळते. पडद्यावरच्या कासवाला ‘पुढे जा’, ‘वळ’ अशा सूचना दिल्या की ते रेघ ओढत चालते. ही कल्पना आली लोगो या भाषेतून. सेमूर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फोर्झाइग यांनी १९६७ साली ती मुलांसाठीच तयार केली होती. समभुज त्रिकोण काढायला सांगितला की बहुतेक मुले कासवाला ६० अंशांत वळवतात, कारण त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे त्यांना पक्के ठाऊक असते. पडद्यावर उमटतो तो अर्धा षटकोन! मग वर्गात वाद सुरू होतो, कोणीतरी उठून स्वतःच फरशीवर चालून बघते आणि लक्षात येते की आपण आतल्या कोनाने वळत नाही, बाहेरच्या कोनाने वळतो, म्हणजे १२० अंश. पूर्ण फेरी मारून कासव पहिल्याच दिशेला तोंड करून उभे राहिले, म्हणजे एकूण ३६० वळले. मी फळ्यावर कितीही सुबक आकृती काढली तरी तिच्यातून हा वाद पेटत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच मातीतले. गणितज्ञ द. रा. कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांनी शोधलेली गंमत अशी. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि पुढे ६१७४ च येत राहते. वहीत अशी दहा उदाहरणे होतात. पण सगळ्या चार अंकी संख्यांचे असेच होते का, हे वहीत कोण तपासणार? एक छोटासा प्रोग्रॅम ते क्षणात तपासतो आणि सातपेक्षा जास्त पायऱ्या कुठेच लागत नाहीत हेही दाखवतो. मुले तिथे थांबत नाहीत. तीन अंकांत काय होते? ४९५ येते. पाच अंकांत? तिथे गाडी एका संख्येवर थांबत नाही, काही संख्यांच्या चक्रात फिरत राहते. याच ठिकाणी सिद्धता म्हणजे काय, हेही सांगता येते. संख्या मोजक्या असतील तर त्या सगळ्या तपासणे हीच सिद्धता. पण ‘कोणत्याही त्रिकोणात’ असे विधान असेल, तर हजारो त्रिकोण तपासूनही सिद्धता बाकीच राहते. दहावीपर्यंत हा फरक न कळलेली मुले मी पाहिली आहेत.

हे शिकवायला महागडे काही लागत नाही. पायथन फुकट आहे. भूमितीसाठी जिओजेब्रा आहे, तोही शाळांना फुकट मिळतो. जुन्या संगणकांवर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली टाकली की ही साधने चालतात, आणि एकदा बसवली की इंटरनेटची गरज नाही. आमच्याकडे नेटची खात्री नसते, म्हणून हा मुद्दा छोटा समजू नये. केरळने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू केला, पुढे मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरचा मार्ग धरला आणि पुस्तके मल्याळममध्ये काढली. आपल्याला हे मराठीत का जमू नये?

खरी अडचण संगणक कक्षाच्या कुलपाची आणि प्रशिक्षणाची आहे. मशीन बिघडेल या धास्तीने कुलूप उघडत नाही, कारण दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हे ठरलेले नसते. त्यासाठी शाळेला थोडा निधी द्या. प्रशिक्षण मात्र कंपनीच्या माणसाकडून नको, गणित शिकवणाऱ्यांकडूनच हवे. बीजगणितात ‘क्ष = क्ष + १’ हे समीकरण कधीच खरे होत नाही. प्रोग्रॅममध्ये तेच लिहिले की क्षची किंमत एकने वाढते. तीच खूण, काम निराळे. हे आधी उलगडून सांगितले नाही तर मुलाचे गणितही बिघडते आणि प्रोग्रॅमही, आणि ते वर्गात गणित शिकवलेल्या माणसालाच सुचते. आसपासच्या शाळांचे मिळून जे केंद्र असते, त्याच्या शिक्षण परिषदेत यासाठी वेळ राखून ठेवा.

याला वेगळे गुण, वेगळी परीक्षा कृपया लावू नका. तसे झाले की गाईड निघतील आणि प्रोग्रॅमही पाठ होतील.

सातारा-कराडमधल्या ज्यांना परवडते, त्यांची मुले आजही खासगी कोडिंग क्लासला जातात. ज्यांचे वडील ऊसतोडीला जातात किंवा मुंबईत हमाली करतात, त्यांना शाळेतच मिळेल तेवढे मिळणार. याच जिल्ह्यात, काले गावी, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था उभी केली, ती पैशावाचून कोणाचे शिक्षण अडू नये म्हणून. शासनाने पैसे भरून घेतलेले पॅकेज मुदत संपली की बंद पडते. गणिताच्या पुस्तकात छापलेला प्रोग्रॅम मात्र दरवर्षी प्रत्येक मुलाच्या दप्तरात पोचतो.

नव्या अभ्यासक्रम आराखड्यानुसार पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. वरच्या इयत्तांची पुस्तके लिहिली जाताना हे झाले नाही, तर पुढच्या बदलापर्यंत एक पिढी शाळेबाहेर पडलेली असेल. सुरुवात मसाविच्या धड्यापासून करा. भागाकाराने मसावि काढण्याची युक्लिडची रीत दोन हजारांहून अधिक वर्षे जुनी आहे, आणि तिचा प्रोग्रॅम चार-पाच ओळींचा होतो. तेवढ्या ओळी आणि त्यांच्याखाली दोन प्रश्न, इतकी जागा त्या धड्यात ठेवावी, ही विनंती.

आपली,
माण तालुक्यातील एक गणित शिक्षिका
जि. सातारा