होआपिली वाट ही 'सोपी किनारी फेरी' नव्हे

महोदय,

हवाईच्या माउई बेटावरील होआपिली वाटेचा उल्लेख प्रवासलेखांत बऱ्याचदा 'समुद्राकाठची सोपी फेरी' असा येतो. त्या भरवशावर कोणी चपला घालून गेले तर पाय रक्तबंबाळ होतील, म्हणून हा पत्रप्रपंच.

वाट ला पेरूज उपसागरापाशी सुरू होते. समुद्र उजव्या हाताला ठेवून सुमारे एक किलोमीटर चालणे खरोखर सोपे आहे. जपायचे ते फक्त कियावेच्या झाडांखाली. ही आपल्या वेड्या बाभळीची जवळची नातलग. तिचे वाळके काटे मऊ तळव्याच्या बुटातून थेट आत घुसतात. पुढे फाटा लागतो. किनाऱ्याची वाट दीपस्तंभाकडे जाते आणि आतल्या अंगाला चढणारी वाट होआपिली.

इथला लाव्हा 'आआ' प्रकारचा. वरून तो थिजत गेला, आतला मात्र सरकत राहिला, त्यामुळे वरचे कवच फुटून वीटभट्टीतल्या खंगरासारखे धारदार तुकडे झाले. ते पायाखाली गडगडतात आणि घोटा मुरगळतो. तोल सावरायला हात टेकला की तळहात सोलवटतो. म्हणून घोटा झाकणारे टणक तळाचे बूट, जाड लांब विजार आणि साधे हातमोजे हवेतच. माणशी तीन लिटर पाणी न्यावे; वाटेत ना पाणी, ना सावली. उजाडताच निघावे, कारण ऊन चढले की काळा दगड खालूनही भाजतो. सपाट रस्त्यावर जे अंतर तासात कापता, त्याला इथे दोन तास धरा.

हा लाव्हा 1790 चा, असे जुन्या पुस्तकांत असते. फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूज 1786 मध्ये इथे उतरला होता. त्याचा आणि नंतर आलेल्या इंग्रज दर्यावर्दी व्हँकूव्हरच्या मोहिमेचा असे दोन नकाशे ताडून, किनाऱ्याच्या आकारातल्या फरकावरून ते साल काढले गेले. रेडिओकार्बन कालमापनाने मात्र हा उद्रेक बराच मागे, साधारण 1480 ते 1600 च्या दरम्यान गेला आहे.

पूर्वीची वाट पायी चालणाऱ्यांची, गुळगुळीत गोट्यांच्या पावठण्यांची होती. घोड्यांना ती गैरसोयीची. माउईचा गव्हर्नर होआपिली याने 1824 ते 1840 या काळात रस्ता नव्याने बांधवला : बराचसा सरळ, दोन्ही कडांना दगडांची किनार. आसपास घरांची जोती, आडोसे, कुंपणाच्या भिंती अजून दिसतात. यातले बहुतेक बांधकाम चुना-मातीशिवाय, दगडावर दगड रचून केलेले आहे. कडेचा एक दगड निघाला की शेजारचा घसरतो आणि मधली खडी बाहेर सांडते. तेव्हा छायाचित्रासाठी भिंतीवर चढू नये आणि दगडांच्या चळती तर मुळीच रचू नयेत. त्या चळतींना लागणारा दगड याच किनारींतून आणि जोत्यांतून उचलला जातो. एकदा हललेला दगड मूळचा कुठला, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

– पदभ्रमण करणारे काही वाचक