दवबिंदूचं दव

पुणे, १४ जुलै

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

"अरे, दवबिंदूचं दवच गेलं!" किडे खाणाऱ्या त्या रोपाच्या पानांवरचे चिकट थेंब नाहीसे झाल्याचं तू फोनवर इतक्या रडव्या आवाजात सांगितलंस की फोन ठेवेपर्यंत हसू दाबून धरलं. आता नीट लिहितो.

घात केला तू घातलेल्या शेणखतानं. दवबिंदू बघायला आपण साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलो होतो ते आठव. जांभा खडक, त्यावर बोटभर माती आणि पाऊस तिच्यातलं सगळं धुऊन नेणारा. मुळांना नायट्रोजन मिळत नाही म्हणून तर ही जात किडे धरते. खत पडलं की मुळं जळतात. आजच कुंडी बदल. पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) निम्मं-निम्मं घे. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसाच असेल तर चार-पाच पाण्यांनी धू, त्यात मीठ असतं. माझी पहिली तीन रोपं न धुतलेल्या कोकोपीटनंच गेली. तेव्हा तुला बोललो नव्हतो.

बोअरचं पाणी थेंबभरही नको. घरच्या आरओचंही तपासून घे, बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, पन्नासच्या आत हवा. त्यापेक्षा सध्या गच्चीत पिंप लाव, फुकटचं उत्तम पाणी पडतंय. कुंडी ताटलीत ठेवून ताटलीतच बोटभर पाणी घाल. वरून ओतलंस तर चिकट थेंब धुऊन जातात. आणि रोपावरची ती काचेची बरणी काढ, त्याला ऊन पाहिजे.

आता तू पानावर ठेवलेलं चिकन. डार्विननं १८६० पासून दवबिंदूच्या पानांवर कच्चं मांस, अंड्याचं पांढरं असलं काय काय ठेवून पाहिलं, खरं आहे. पण तो प्रयोग करत होता, तू जेवायला वाढत होतास! एवढ्या मोठ्या तुकड्यानं पान सडतं. एखादं चिलट पुरे, आणि बाल्कनीत ते रोप आपलं आपणच पकडतं. तुझं रोप दक्षिण आफ्रिकेतल्या केपकडचं. त्याचं पान चिलटाभोवती सावकाश, अर्ध्या-एक तासात वळतं. बघत बसायला चहा घेऊन बस.

कासचे दवबिंदू वर्षायू, बी टाकून मरतात, म्हणून तुला हे दिलं. तिथलं रोप उपटायचा मोह मलाही झाला होता, पण हात मागे घेतला.

जुन्या पानांवर दव परत येणार नाही. मधला नवा कोंब बघत राहा, दोन-तीन आठवडे तरी जातील. फुलाचा दांडा आला तर कापू नकोस, बी मला हवंय.

फ्रिजमधलं चिकन कुठे गेलं, हे वहिनींना मी सांगणार नाही.

तुझा,
बाळ्या