पेंढ्याच्या गाड्यांना थांबायला जागा हवी

मुरबाड, शहापूरकडचा भाताचा पेंढा मुंबईच्या तबेल्यांत पोहोचवणे हा आमचा धंदा. कापणी-झोडणी आटोपली की कामाला जोर येतो. पेंढा हलका, गाडी वजनाने नव्हे, आकारानेच भरते. म्हणून भाडे परवडावे यासाठी थरावर थर चढवले जातात. हे चूकच आहे. माल हौद्याबाहेर आला किंवा ठरलेल्या उंचीपेक्षा वर गेला, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीत २० हजार रुपये दंड आहे. शिवाय विजेच्या तारेला पेंढा लागला तर गाडीची राख होते. आम्ही आता गावातच यंत्राने गाठी बांधून घेतो.

पण अवजड वाहनांना बंदी असते त्या वेळेत थांबायचे कुठे? घोडबंदर रस्त्याच्या कडेला तासन् तास उभे राहावे लागते. मागे असेच उभे असताना अवकाळी पाऊस आला आणि ताडपत्री एका कोपऱ्यात फाटलेली निघाली. दोन दिवसांनी गाठीच्या पोटात हात घातला, तर गरम वाफ आणि कुबट वास. ओला पेंढा आतून तापतो, कधी पेटही घेतो. तबेलेवाल्याने तो माल परत केला आणि योग्यच केले. बुरशी म्हशीच्या पोटात जाता कामा नये.

माजिवडा ते गायमुख पट्ट्यात रहदारीपासून दूर, पाण्याची टाकी असलेला एखादा थांबा संबंधित यंत्रणांनी द्यावा. त्याचे भाडे आम्ही भरू. शेजारी चहा-वड्याच्या शेगड्या मात्र नकोत.

– एक वाहतूकदार, कळवा (ठाणे)