ससूनच्या डब्यांसाठी तातडीचे आवाहन

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

आपल्या मंडळीच्या (चर्चच्या) सेवा समितीचे जेवणाचे डबे दर बुधवारी आणि शनिवारी पुण्याच्या ससून इस्पितळात जातात, हे आपणांस नव्याने सांगायला नको. रुग्णाला जेवण इस्पितळातून मिळते. पण सोलापूर-नगरकडून त्याच्यासोबत आलेली आई किंवा बायको पिशवी उशाला घेऊन वऱ्हांड्यात चहा-बिस्किटावर दिवस काढते. डबा तिच्यासाठी असतो.

हे काम सुरू झाले ते आपल्या दिवंगत सिस्टरबाईंमुळे. जन्मभर नर्स म्हणून राबलेल्या या बाईंनी पहिले वर्षभर तांदूळ स्वतःच्या पेन्शनीतून आणला, आणि पावती मागायला गेलो तर आम्हालाच दटावले! रास्ता पेठेतले आपले वाणी आपल्या मंडळीचे सभासद नाहीत, तरी डाळीच्या बिलासाठी त्यांनी कधी तोंड उघडले नाही. महिला मंडळाच्या पोळ्यांबद्दल तर काय लिहावे? कापणीच्या सणाला एकच दुधी भोपळा लिलावात चार वेळा विकला गेला. घेणारा प्रत्येक जण तो परत टेबलावर ठेवत होता. त्या भोपळ्यावर आमचा महिन्याचा गॅस निघाला. ससून उभे राहिले तेही डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून. १८६७ पासून ते चालू आहे. तिथे कोणाची जात-धर्म विचारून खाट देत नाहीत, आणि आम्हीही डबा देताना विचारत नाही.

इथेच काहींचे बिनसले. "ख्रिस्ताची सुवार्ता सांगायचे सोडून डबे वाटत बसलात," असे वार्षिक सभेत ऐकावे लागले. लागले ते मनाला. बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये', सहावा अध्याय काढून पाहावा. विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली, तेव्हा पंगतीची सेवा करायला सात जण निवडले गेले. त्यांतला पहिला स्तेफन. पुढच्याच अध्यायात त्या पुस्तकातले सर्वांत लांब भाषण आहे, ते याच वाढप्याचे! आणि दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली केडगावला आणणाऱ्या पंडिता रमाबाईंना सुवार्तेची आस्था कमी होती, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल काय? पाळकसाहेबांचा उपदेश चालूच आहे, चालूच राहील. आम्ही त्याच घराचे स्वयंपाकघर आहोत.

त्या सभेनंतर मात्र दानाची पाकिटे कमी झाली. गेल्या दोन शनिवारी डबे निम्मेच गेले. लिफ्टपाशी थांबलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांना "संपले" म्हणून सांगायची पाळी तरुण संघाच्या मुलांवर आली. मुले घरी येऊन जेवली नाहीत.

तरी तांदूळ, तूरडाळ, तेल, कांदे-बटाटे (पीठ सध्या नको, पोरकिडे झालेत) शनिवारी सकाळी आठच्या आत मंडळीच्या मागच्या खोलीत. रोख फक्त खजिनदारांकडे, उपासनेनंतर, पावती घेऊनच. चेक मंडळीच्या नावे, मागे 'डबा निधी' लिहावे. वाहन असलेल्यांनी नाव नोंदवावे. स्टीलचे झाकणाचे डबे असल्यास तेही. मागच्या वर्षी नेलेली मोठी पातेली ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कृपया परत आणावीत.

आपला,
सचिव, सेवा समिती